कोऱ्या तुकड्यावरची रेघ

त्या कागदावरची रेघ हिऱ्याचीच होती. पण तो हिरा आम्ही केलेला नव्हता. हे मला त्याच उन्हाळ्यात कळलं होतं आणि आजवर मी ते कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या भावाला नाही. ज्या सरांनी तो कागद काचेत बसवून विभागाच्या भिंतीला लावला, त्यांना तर नाहीच.

याआधीही लिहायला बसलो होतो. प्रत्येक वेळी दुष्काळापासून सुरुवात केली आणि दुष्काळातच अडकून राहिलो. दुष्काळाचं लिहिणं सोपं असतं, तो कुणा एकट्याने केलेला नसतो. म्हणून या वेळी आधी माझं सांगून टाकलं. आता बाकीचं.

ऐंशीचं दशक निम्मं उलटलं होतं. जिल्ह्याच्या गावी, म्हणजे कागदावर उस्मानाबाद आणि तोंडात धाराशिव, तिथल्या कॉलेजात मी पदार्थविज्ञानाची प्रात्यक्षिकं घेत होतो. नोकरी कायम झालेली नव्हती. आमचं गाव बेंबळीच्या अलीकडे. गावाच्या कडेला आमची वस्ती, वस्तीची विहीर वेगळी. ती वेगळी का, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या वस्तीतला मी पहिला एमएस्सी. आई लवकर गेली, त्यामुळे मला वाढवलं ते थोरल्या भावाने आणि वहिनीने. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो, तरी ती मला पहिल्या दिवसापासून ‘भावजी’ आणि ‘तुमी’ म्हणायची. मला ओशाळल्यासारखं व्हायचं.

विभागाचे प्रमुख म्हणजे आमचे सर. निवृत्तीला आलेले, बारीक अंगाचे, धोतरावर कोट घालणारे शेवटचे प्राध्यापक. परदेशात वायूपासून हिऱ्याचा पातळ थर वाढवतात असं त्यांच्या वाचनात आलं आणि त्यांनी तो नादच घेतला. भंगारातला पंप आणला. औद्योगिक वसाहतीतल्या वेल्डरकडून जाड पोलादी भांडं करून घेतलं. भांड्यातली हवा काढायची, त्यात हायड्रोजन सोडायचा, चिमूटभर मिथेन सोडायचा. आत एक तार पांढरी होईपर्यंत तापवायची. तारेखाली नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा ठेवायचा. दिवसभर ते चालू ठेवलं की तुकड्यावर राखाडी थर बसतो.

थर बसतो, पण कशाचा? काजळी आणि हिरा, दोन्ही कार्बनच. हिरा करणं हे अर्धंच काम होतं. झाला तो हिराच आहे का आणि कितपत चांगला आहे हे ठरवणं, हे उरलेलं अर्धं. ते सरांनी माझ्याकडे दिलं होतं.

मी ते मन लावून करायचो. आधी उजेडात तिरपा धरून बघायचं, थर चमचमतो की नुसता काळा पडतो. मग अंगठ्याने घासायचं. अंगठा काळा झाला तर काजळी. चिकटपट्टी लावून ओढायची. थर पट्टीबरोबर आला तर त्याची पकड नाही. तीव्र आम्लात उकळायचं, कारण आम्ल काजळी खातं आणि हिऱ्याला हात लावत नाही. शेवटची चाचणी मात्र आमच्याकडे होण्यासारखी नव्हती. ती पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत. तुकड्यावर लेसरचा प्रकाश टाकतात आणि परत येणारा प्रकाश यंत्राचा पेन कागदावर काढत जातो. हिरा असेल तर तेराशे बत्तीसच्या आकड्यावर एक बारीक, सरळ सुळका उठतो. काजळी असेल तर त्याच्या पुढे पसरट टेकाड. दोन्ही असेल तर दोन्ही. सुळका किती बारीक आणि टेकाड किती ठेंगणं यावरून थराची प्रत ठरते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर आहे. नितळ तुकड्यावर हिरा धरत नाही. म्हणून तुकडा आधी हिऱ्याच्या भुकटीने घासून ओरबाडून घ्यावा लागतो. पैलू पाडणारे वापरतात तीच भुकटी, सर ती सुरतेहून मागवायचे. ‘विरजण लावायचं,’ असं ते म्हणायचे. घासून झालं की तुकडा शुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचा, भुकटीचा कण मागे राहता कामा नये.

त्या वर्षी धुवायला पाणी नव्हतं. गावाचे नळ कोरडे पडलेले. शुद्ध पाणी करायचं आमचं यंत्रही बंद, कारण ते स्वतःच पाणी पितं. वसतिगृहातली पोरं बादल्या घेऊन रांगेला. अशा दिवसांत मी तुकडे धुवायचं सोडलं आणि पुसायला लागलो. आमच्या घरी दुष्काळात भांडी अशीच निघत. राखेने खसखसून घासायची आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्यायची, पाण्याचा थेंब नाही. वहिनीची ताटं अशी लखलखायची की तोंड दिसावं. मी राखेच्या जागी भुकटी आणि फडक्याच्या जागी स्पिरिटचा बोळा घेतला. तुकडा आरशासारखा दिसायचा. सरांनी बघितलं आणि म्हणाले, “हे बरं शोधलंस! पाणी कसं वाचवावं हे तुमच्याकडून शिकावं.”

मला अभिमान वाटला होता.

त्या पहिल्या पुसलेल्या तुकड्यावर थर चढवून सरांनी तो माझ्या चाचण्यांची वाट न बघता थेट पुण्याला पाठवला. कागद आला तेव्हा ते व्हरांड्यातून अक्षरशः पळत आले. तेराशे बत्तीसवर सुळका होता! पुढे टेकाडही होतं, चांगलं मोठं होतं, पण टेकाडाकडे कोण बघतो? “टेकाड कमी करू रे,” सर म्हणाले, “सुळका तर उठला!” प्राचार्य आले, शिपाई आले, रसायनशास्त्रवाले जरा नाक मुरडत आले. पेढे वाटले. सरांचे डोळे भरून आले होते. त्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं.

पुढचं काम अडलं ते पाण्यावाचून. भांड्याला बाहेरून तांब्याची नळी गुंडाळलेली असायची आणि तिच्यातून दिवसभर थंड पाणी वाहावं लागायचं. नाहीतर रबराच्या कड्या वितळून भांड्यात हवा शिरायची. पिंपातलं पाणी फिरवून बघितलं. आमच्या वैशाखात पिंपच तासाभरात कढत व्हायचं. सर म्हणाले, “चल, चेअरमनकडे जाऊ.”

हे चेअरमन तालुक्यातल्या एका बोअर पाडणाऱ्या सहकारी संस्थेचे. संस्थेचं यंत्र होतं आणि एक टँकर होता. त्या उन्हाळ्यात यंत्र उभं होतं आणि टँकर वाड्या-वस्त्यांना पाणी टाकत होता. चेअरमन संस्थेच्या कचेरीत बनियनवर बसलेले, समोर पंखा, पंख्याला वीज नाही.

सरांनी सगळं समजावून सांगितलं. चेअरमननी मान वाकडी करून ऐकलं.

“म्हंजी वाफंपासून हिरा?”

“वायूपासून. मिथेन. तुमच्या गोबरगॅसमध्ये असतो तोच.”

“आरं तिच्या! मग आमच्या गोठ्यात खाणच हाय म्हणायची.” ते पोट हलवत हसले. मग टेबलाखालून काहीतरी जड काढून त्यांनी सरांच्या हातात दिलं. बोअरच्या यंत्राचं टोक होतं, दात झिजून गुळगुळीत झालेलं. “ह्ये बघा. आमच्या काळ्या फत्तरानं ह्याचे दात खाल्ले. नवीन आणावं तर ते बी असंच. निम्म्या बोअरी अर्ध्यात सोडल्यात, सभासद माझ्या नावानं बोंबलायलेत. ह्याला तुमचा हिरा लागंल का?”

“लागला तर हे झिजायचं विसरेल,” सर म्हणाले.

चेअरमननी माझ्याकडे बघितलं. “मास्तर, तपासणी तुमची ना? हिराच हाय?”

“हिराच आहे,” मी म्हणालो. तेव्हा मला तसं खरंच वाटत होतं. एवढं एक वाक्य माझ्या बाजूने आहे.

“मग टँकर देतो. एक दिवसाआड एक खेप. पर टँकर एकच हाय, कुठली तरी खेप तोडावी लागंल.” त्यांनी पानाचा डबा उघडला. “सरकारी टँकर गावच्या आडात वततो, माझा वस्त्यांवर जातो. बेंबळीचा रस्ता तुमचा. तुमीच बोट ठिवा मास्तर, कुणाची तोडू.”

त्या रस्त्यावर दोन धनगरवस्त्या होत्या, एक आश्रमशाळा होती आणि आमची वस्ती होती. आमच्या वस्तीला ती खेप सहजी मिळालेली नव्हती. बायका येऊन याच कचेरीसमोर उन्हात बसल्या होत्या आणि सगळ्यांत पुढे माझी वहिनी होती.

“आमच्या वस्तीची तोडा,” मी म्हणालो.

चेअरमननी पानाला चुना लावला. मग मीच पुढे म्हणालो, “आमच्या विहिरीला तळाशी पाणी आहे अजून.”

“बघा हां,” चेअरमन म्हणाले, “घरला गेल्यावर भाकर मिळायची न्हाय.”

ते हसले, मीही हसलो. सर माझ्याकडे बघत होते. त्या नजरेसाठीच मी ते बोललो होतो. शिकलेला झाला की हा आपल्याच लोकांचं बघतो, असं कुणी म्हणू नये, ही माझी धास्ती. दुसऱ्या कुणाची खेप तोडायला सांगितली असती तर तसं म्हणायला जागा राहिली असती. तेव्हा मी माझ्या माणसांच्या तोंडचं पाणी काढलं आणि त्याला मनात मोठेपणा असं नाव दिलं. विहिरीच्या तळाशी पाणी होतं हे खरं. वीतभर होतं, गढूळ होतं आणि कोसळत्या पायऱ्यांनी उतरून वाटीने भरावं लागत होतं. हे मी बोललो नाही.

टँकर यायला लागला. वस्तीला संस्थेने सांगितलं, डिझेल मिळत नाही.

नंतर सरांनी मला नव्या तुकड्यांसह पुण्याला पाठवलं. निघताना त्यांनीच आठवण केली, “एक कोरा तुकडाही ने. घासलेला, पण थर न चढवलेला. शेजारी ठेवायला बरा असतो.” होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बाटल्यांत कापूस घालून मी तुकडे नेले.

लेसरच्या यंत्रावर माझ्याच वयाच्या एक बाई होत्या. “उस्मानाबाद? तिकडे प्यायला पाणी नाही म्हणतात, आणि तुम्ही हिरे पिकवताय?” त्या हसून म्हणाल्या. मीही काहीतरी हसल्यासारखं केलं. त्यांनी आधी कोरा तुकडा लावला. खोलीत अंधार, पेनाचा बारीक खरखराट. पेन सरळ चालत होता. तेराशे बत्तीसपाशी आला आणि उठला. बारीक, सरळ सुळका. पुढे टेकाड नाही, काही नाही. आमच्या भिंतीवरच्या सुळक्यापेक्षा नितळ.

“हा कोरा म्हणालात ना?” बाईंनी विचारलं.

सगळं एका क्षणात कळलं. असं म्हणतात, पण तसं खरंच होतं. बोळ्याने पुसलेल्या तुकड्याच्या ओरखड्यांत सुरतेची भुकटी तशीच भरून बसली होती. आमचा थर म्हणजे निव्वळ काजळी. सुळका खालून, काजळीच्या थरातून, भुकटीचा उठत होता. पहिल्या तुकड्यावरही तेच. पेढे त्याचेच वाटले होते.

“नाही,” मी म्हणालो, “बाटल्यांची अदलाबदल झाली वाटतं. हाही थर चढवलेलाच आहे.”

“दिसत तर काही नाही याच्यावर.”

“पातळ आहे.”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. “तुमचे तुकडे, तुम्हाला माहीत,” म्हणाल्या, आणि मी सांगितलं तसं कागदाच्या कोपऱ्यात लिहून दिलं. मग थराचे तुकडे लावले. सुळका होता, कोऱ्यापेक्षा बुटका. टेकाड डोंगरासारखं.

परतीच्या एसटीत मी ठरवलं होतं की सरांच्या दारातच सांगायचं. बार्शी सोडल्यावर दोन्ही बाजूंना काळी उघडी रानं, रोजगार हमीच्या खडीचे ढीग, त्यावर बसलेली माणसं. वाक्यही तयार होतं: सर, धुतलं नाही म्हणून झालं, चूक माझी. एवढंच बोलायचं होतं. टँकर दुसऱ्या दिवशी वस्तीला गेला असता.

सर दारातच उभे होते. “काय? आहे ना?”

“आहे,” मी म्हणालो.

का म्हणालो? मी याचं उत्तर बरीच वर्षं वेगवेगळं देत आलोय. सरांचं मन मोडवेना, हे एक. नोकरी कायम व्हायची होती, हे दुसरं. राखेने भांडी घासणाऱ्यांचा पोरगा, प्रयोगशाळेत पण पुसूनच घेतो, असं रसायनशास्त्रवाले म्हणाले असते आणि ते खरंच होतं, हे तिसरं. पण मला वाटतं मुख्य कारण असं होतं की पुढच्या खेपेला खरा हिरा येईल आणि मग मागचं खोटं आपोआप खरं होईल, अशी मी आशा धरली होती. खोट्याला मुदत मिळाली की ते असंच बोलतं.

म्हणून मग मी तुकडे धुवायला लागलो. टँकरच्या पाण्याने, भरपूर. सरांना म्हणालो, आता पाणी आहे तर धुऊ. धुतलेल्या तुकड्यावर थर चढवला आणि कुणी नसताना आम्लात उकळला. थर पार विरघळून गेला. तुकडा आरशासारखा बाहेर आला, त्यावर एक कण नाही. पुन्हा केलं, मिथेन कमी करून, तार जवळ आणून. पुन्हा आरसा. तुकडा चिमट्यात धरून मी त्यात माझं तोंड बघत उभा राहायचो. असं होत राहिलं, आणि सर विचारत राहिले, “काय म्हणतो सुळका?” तेव्हा मी परत पुसायला लागलो. पहिल्यांदा पुसलं ते अजाणता. आता जाणून पुसलं. पुण्याहून सुळक्याचे कागद येत राहिले, टँकर येत राहिला.

आठवडी सुटीला वस्तीवर गेलो. विहाराच्या ओट्यावर म्हातारी माणसं बसली होती. त्यातला एकजण मला लांबूनच बघून ओरडला, “या सायेब! निगाला का हिरा? निगाला तर पयला आमाला द्या. आमी चाटून बघतो, तहान भागती का.”

सगळे हसले. “भागली तर तुमच्या नावानं पानपोई घालू,” दुसरा म्हणाला.

घरी वहिनी उंबऱ्यात बसून एका कळशीतलं पाणी फडक्यातून दुसऱ्या कळशीत गाळत होती. फडक्यावर बोटभर गाळ. “आलाव व्हय भावजी? बसा.” तिने सवयीने तांब्या उचलला, आत बघितलं आणि निम्मा भरला. मी तो पिऊन टाकला. तहान नव्हती तरी प्यायलो, कारण नको म्हणायला तोंड नव्हतं.

“तुमी उतरता का विहिरीत?”

“मग कोन? तुमच्या दादाचं अंग जड हाय, पायरी त्येच्या वजनानं हालती. मी हलकी हाय.” तिने फडकं पिळलं. ते पाणीही कळशीतच पिळलं. “डिझेल न्हाय म्हनतो चेअरमन. मला न्हाय पटत. इकडं डिझेल न्हाय आन् त्या सडकंनं टँकर जातोय की रोज. भावजी, तुमची त्येच्याकडं ऊठबस हाय म्हनं. एक सबुद टाका की. तुमचं ऐकंल त्यो.”

“बघतो,” मी म्हणालो.

“बघतो न्हाय. टाका. आमी पुन्यांदा जाऊन बसलो तर हाकलून देतील. तुमी शिकलेलं मानूस.”

“टाकतो, वैनी.”

दादा बाजेवर पाठमोरा पडलेला होता. दिवसभर खडी फोडून आलेला. तो म्हणाला, “कशाला त्येला गळ घालती? त्येच्या नोकरीचं अजून पक्कं न्हाय. चेअरमन नाराज झाला तर?” म्हणजे माझी काळजी तोच करत होता.

सोमवारी मी कॉलेजात गेलो आणि चेअरमनकडे गेलो नाही. मंगळवारी चेअरमन स्वतःच विभागात आले, थराचे तुकडे बोटांनी चाचपून बघितले, चहा प्यायले. आम्ही दोघंच होतो थोडा वेळ. तोंड उघडायची सोय होती. मी त्यांना सुळका कसा वाचायचा ते समजावत बसलो.

मग तो दिवस. दुपारची वेळ, यंत्र चालू. भांड्याच्या काचेतून तारेचा पांढरा उजेड. दारात दादा उभा. अंगावर खडीची पांढरी धूळ, डोक्याला मुंडासं नाही. तो कधीच कॉलेजात आला नव्हता. पुढे यावं की नाही अशा बेताने उंबऱ्याबाहेरच थांबला होता.

“तुजी वैनी पडली,” तो म्हणाला. “पायरी निखळली. सरकारी दवाखान्यात टाकलंय.”

मी काय केलं ते लिहितो. मी आधी दाबाच्या काट्याकडे बघितलं. तार एकदम बंद केली तर तुटते, हळूहळू उतरवावी लागते. “थांब,” मी म्हणालो, “एवढं बंद करतो.” सर म्हणाले, “अरे, तू जा!” तरी मी बटणं फिरवत राहिलो. सवयीने की भीतीने, माहीत नाही.

दादा बघत होता, यंत्राकडे नव्हे. नळीतून बाहेर येणारं पाणी मोरीत पडत होतं, धार लावून. तो त्या धारेकडे बघत होता.

“ह्ये पानी कुटनं येतं रे?”

“टँकरने.”

“कुनाच्या टँकरनं?”

“कॉलेजच्या.”

तो पुढे आला, धारेखाली ओंजळ धरली, तोंडावर पाणी मारलं, मग एक घोट प्यायला.

“कोमट हाय,” म्हणाला.

सरांनी मान खाली घातली. टँकर कुठला हे त्यांना ठाऊक होतं. पण ती खेप कुणाच्या जिवावर तोडली आणि मी ती कशाच्या जोरावर राखली, यातलं अर्धंच त्यांना माहीत होतं.

वहिनीचा खुबा मोडला होता. दवाखान्यात खाटा पुरत नव्हत्या, तिला भिंतीकडेला सतरंजीवर ठेवलेलं. पायाला वीट बांधून ताण दिलेला. मला बघून ती म्हणाली, “काम सोडून कशाला आलाव?” मग जरा वेळाने, दादा चहा आणायला गेल्यावर, “भावजी, टाकला व्हता का सबुद?”

“टाकला होता,” मी म्हणालो. “नाही म्हणाले.”

“जाऊ द्या,” ती म्हणाली. “तुमी टाकलात ना. दुसरं कोन टाकनार व्हतं.” आणि तिने माझा हात थोपटला. तिच्या तळव्याला दोराचे घट्टे होते.

माझं सगळं आयुष्य मी त्या भिंतीकडेला बसून आहे असं मला कधी कधी वाटतं.

पुढचं थोडक्यात. पुढच्या खेपेला टँकर आला, तेही पाणी मी मोरीत जाऊ दिलं, हेही लिहून ठेवतो. वहिनी पडल्यावरही मी बोललो नाही. उशिरा पाऊस आला. संस्थेच्या एका टोकाला आम्ही थर चढवला, आणि ते काळ्या दगडाला टेकताच थर सोलून निघाला. चेअरमननी बोटाला लागलेलं काळं सरांना दाखवलं. “सर, ही तर आमच्या चुलीवरची काजळी हाय.” रागावले नाहीत. त्यांना दुसरी कामं होती. फसलेला प्रयोग म्हणून सगळ्यांनी ते सोडून दिलं. प्रयोग फसतातच; त्यामुळे माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. सर मरेपर्यंत म्हणत राहिले की थराची पकड चुकली, हिरा मात्र झाला होता. त्यांच्या शोकसभेत तो सुळक्याचा कागद हारासह ठेवला होता आणि त्याविषयी चार शब्द बोलायला मला उभं केलं होतं. मी बोललो. चांगलं बोललो असं लोक म्हणाले.

माझी नोकरी कायम झाली. खरे थर कसे तपासायचे हे मी पुढे व्यवस्थित शिकलो आणि विद्यार्थ्यांना शिकवतोही. कोरा तुकडा आधी लावा, असं बजावतो. ते का म्हणतो, हे त्यांनी कधी विचारलेलं नाही.

वहिनी आहे अजून. एका अंगावर कलून चालते. बसली की उठायला कुणीतरी लागतं. वस्तीला आता नळ आलाय. दादा गेल्या वर्षी गेला, काही न कळता गेला. मी घरी गेलो की ती शेजारच्या सुनांना बोलावून सांगते, आमच्या भावजींनी हिरा केला व्हता, आन् माझ्यापायी चेअरमनच्या दारात बी गेले व्हते. मी चहाच्या कपात बघत बसतो.

माझ्याकडे तिचं एवढं देणं आहे: तिच्यासमोर बसून तिला सांगायचं की वैनी, तुमची खेप मीच तोडायला सांगितली, तो हिरा नव्हता हे कळल्यावरही ती परत मागितली नाही, आणि तुमच्यासाठी मी शब्द टाकलाच नव्हता. हे मी कागदावर लिहिलं आहे. तिला वाचता येत नाही. तिला अजून सांगितलेलं नाही.